मधुमेहजन्य मूत्रपिंडविकाराची प्रारंभावस्था आणि अॅलोप्युरिनॉलची परीक्षा

मधुमेहामुळे शरीराची जी दूरगामी हानी होते तीत मूत्रपिंडांचा ऱ्हास ही एक अत्यंत गंभीर बाब होय. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे रुग्ण, म्हणजे ज्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवणे जवळजवळ थांबलेले असते असे रुग्ण, फार काळ जगत नसत. त्यामुळे ही हानी दृष्टोत्पत्तीस येण्याइतका अवधीच मिळत नसे. १९२२ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा रुग्णावर प्रथम उपयोग झाला आणि ह्या रुग्णांना आयुष्य लाभले. त्या लाभलेल्या आयुष्यातच पुढे रोगाचे हे दुसरे रूप प्रकट झाले. १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन ह्यांनी मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांत आढळणाऱ्या विशिष्ट गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. आज अनेक देशांत डायालिसिसची पाळी ज्यांच्यावर येते त्या रुग्णांत मधुमेहींची संख्या अन्य कोणत्याही एका कारणाने आलेल्या रुग्णांहून अधिक असते.

हा ऱ्हास एकाएकी होत नाही. त्याला दहा, वीस, कधी तीसही वर्षे लागतात. तेव्हा त्याच्या आरंभीच एखादे औषध देऊन त्याची गती मंद करता येईल काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. प्रश्न सोपा दिसतो. परंतु त्याचे विश्वसनीय उत्तर मिळविणे किती अवघड असते ह्याचा एक उत्तम दाखला म्हणजे अॅलोप्युरिनॉल ह्या औषधाची ‘पर्ल’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी. तिचा वृत्तान्त जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिचे उत्तर नकारार्थी आले. ते नकारार्थी का आले, आणि तसे असूनही ते मोलाचे का मानावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाळणयंत्रणा आणि तिचा ऱ्हास

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष नेफ्रॉन असतात व प्रत्येक नेफ्रॉनच्या मुखाशी सूक्ष्म केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. ह्या केशिकागुच्छातून रक्त वाहत असता त्यातील पाणी व लहान रेणू गाळले जातात. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठ्या रेणूंची प्रथिने मागे राहतात. दोन्ही मूत्रपिंडांतून दर मिनिटास किती द्रव गाळला जातो ह्या परिमाणाला गाळणदर असे म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो मिनिटास १२० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाकाठी १७० लिटरांहून अधिक असतो. ह्यातील बहुतेक सर्व द्रव नलिकांतून पुन्हा शोषला जातो व दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर पडतो.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली म्हणजे ह्या गाळणयंत्रणेत क्रमाक्रमाने बदल होतात. आरंभी गाळणदर कमी न होता उलट वाढतो, कारण केशिकागुच्छातील रक्ताचा दाब वाढलेला असतो. पुढे केशवाहिन्यांचे आधारपटल जाड होते आणि गुच्छातील सांधणारी ऊती वाढून वाहिन्यांची जागा व्यापू लागते. त्यानंतर गाळणी सच्छिद्र होऊन मूत्रात अल्ब्युमिन उतरू लागते. निरोगी माणसाच्या मूत्रात दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन आढळते. ३० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण नेहमीच्या मूत्रपरीक्षेत लक्षात येत नाही, पण तेच पुढील संकटाची सूचना देते, हे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडन येथील व्हिबर्ती व कीन आणि डेन्मार्कमधील मॉगेन्सन ह्यांच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. शेवटी गाळणदर उतरू लागतो. ह्या सर्व काळात रुग्णाला बहुधा कोणताच त्रास जाणवत नाही. जेव्हा जाणवतो तेव्हा मूत्रपिंडाचा फार मोठा भाग निकामी झालेला असतो.

गाळणदर वर्षाला किती उतरतो ह्यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते. समजा, एखाद्याचा गाळणदर ७० मिलिलिटरवर आला आहे व तो वर्षाला ३ मिलिलिटरने कमी होत आहे. ह्या हिशेबाने सुमारे वीस वर्षांत तो १० वर येईल, म्हणजे डायालिसिस किंवा मूत्रपिंडाचे आरोपण ह्यांखेरीज गत्यंतर उरणार नाही. हाच वेग निम्म्यावर आणता आला तर तोच टप्पा येण्यास चाळीस वर्षे लागतील. पन्नाशीच्या माणसाच्या बाबतीत ह्याचा अर्थ असा की, त्याच्यावर डायालिसिसची वेळ बहुधा येणारच नाही. आरंभी मिळविलेल्या अल्पशा लाभाचे अखेरीस असे मोठे फळ मिळते, आणि म्हणूनच प्रारंभावस्थेत उपयोगी पडेल अशा औषधाचा शोध इतक्या आस्थेने चालू आहे.

उपलब्ध उपाय आणि त्यांची मर्यादा

१९९३ हे वर्ष ह्या विषयात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवर केलेल्या मधुमेह नियंत्रणाच्या मोठ्या चाचणीने असे दाखविले की, साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवल्यास मूत्रात अल्पप्रमाणात अल्ब्युमिन उतरू लागण्याचा संभव ३९ टक्क्यांनी आणि अधिक प्रमाणात उतरण्याचा संभव ५४ टक्क्यांनी घटतो. त्याच वर्षी एडमंड लुईस व त्यांचे सहकारी ह्यांनी कॅप्टोप्रिल ह्या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या प्रकारचा मधुमेह असून ज्यांच्या मूत्रात प्रथिने उतरत होती अशा ४०९ रुग्णांचा तीत समावेश होता. मृत्यू, डायालिसिस अथवा आरोपण ह्यांपैकी काही एक ओढवलेले रुग्ण कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत २३, तर औषधहीन गोळी घेणाऱ्यांत ४२ होते. रक्तदाब वाढविणाऱ्या रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेला अटकाव करणारी ही औषधे तेव्हापासून ह्या विकाराच्या चिकित्सेचा आधार बनली आहेत.

तथापि ह्या उपायांनी ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. शिवाय विकार पुढे गेल्यावर उपयोगी पडलेले औषध तो सुरू होण्यापूर्वीच दिले तर अधिक उपयोगी पडेल, हा तर्क प्रत्येक वेळी खरा ठरतोच असे नाही. मायकेल मॉवर व त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत, ज्यांच्या मूत्रात अल्ब्युमिन वाढलेले नव्हते अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या २८५ रुग्णांना पाच वर्षे एनालाप्रिल, लोसार्टान किंवा औषधहीन गोळी देण्यात आली आणि आरंभी व अखेरीस मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्यात आला. ऊतींतील बदल औषधांनी रोखले गेले नाहीत. नेत्रपटलाच्या विकारावर मात्र त्यांचा चांगला परिणाम दिसला. सारांश, प्रारंभावस्था ही उत्तरावस्थेची केवळ लहान आवृत्ती आहे असे गृहीत धरता येत नाही. तिच्यासाठी औषधाची परीक्षा स्वतंत्रपणेच करावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी २०१९ पासून काही नवी औषधे परिणामकारक ठरली आहेत; परंतु पहिल्या प्रकारच्या रुग्णांसाठी १९९३ नंतर पाव शतकाहून अधिक काळ अशी भर पडली नव्हती. ‘पर्ल’ चाचणीकडे जी आशा लागून राहिली होती तिचे कारण ह्या रिकाम्या जागेत आहे.

युरिक आम्लावरील संशय

युरिक आम्ल हा प्युरिन वर्गातील द्रव्यांच्या विघटनातून निर्माण होणारा अखेरचा पदार्थ. मूतखड्यातून ते प्रथम वेगळे केले ते १७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाने. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचे एन्झाइम असते व ते ह्या आम्लाचे आणखी विघटन करून टाकते. मानव व उच्च कपी ह्यांच्यात हे एन्झाइम उत्क्रांतीच्या ओघात लुप्त झाले आहे. त्यामुळे मानवी रक्तात युरिक आम्ल तुलनेने अधिक असते आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश निचरा मूत्रपिंडांनाच करावा लागतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरते.

रक्तात युरिक आम्ल फार वाढले की सांध्यांत त्याचे स्फटिक साचून संधिवाताचा एक तीव्र प्रकार उद्भवतो, हे पूर्वीपासून माहीत होते. परंतु स्फटिक न साचताही ते अपाय करीत असावे अशी शंका २००० नंतर बळावली. उंदरांच्या शरीरातील युरिकेज औषधाने निष्प्रभ केले असता त्यांच्या रक्तातील युरिक आम्ल किंचित वाढले, त्यांचा रक्तदाब चढला व मूत्रपिंडांत विकृती दिसू लागली. अॅलोप्युरिनॉल दिल्यावर रक्तदाबाची ही वाढ टळली. त्यानंतर बॉस्टन येथील जोस्लिन मधुमेह केंद्रात आणि डेन्मार्कमधील स्टेनो केंद्रात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करण्यात आले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट आढळली: ज्यांच्या रक्तात आरंभी युरिक आम्ल जास्त होते त्यांच्यात पुढे मूत्रपिंडविकार अधिक प्रमाणात उद्भवला.

ह्याच्या जोडीला काही लहान चाचण्याही आल्या. हाँगकाँग येथे २००६ मध्ये ५४ आणि स्पेनमध्ये २०१० मध्ये ११३ रुग्णांवर, मूत्रपिंडविकार जडलेल्या अवस्थेत, अॅलोप्युरिनॉलचा प्रयोग झाला व औषध घेणाऱ्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी राहिल्याचे सांगण्यात आले. स्पेनमधील चाचणीत औषध घेणाऱ्यांचा गाळणदर दोन वर्षांत थोडा वाढला, तर इतरांचा उतरला. ह्या चाचण्यांत रुग्ण थोडे होते. तुलनेसाठी औषधहीन गोळीही दिलेली नव्हती. तरीही प्राण्यांवरील प्रयोग, दीर्घ निरीक्षणे व लहान चाचण्या अशा तीन दिशांनी आलेला पुरावा एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवीत होता.

औषधही हाताशी होते. अॅलोप्युरिनॉल हे गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज ह्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले. मूळ हेतू कर्करोगावरील एका औषधाचे शरीरात होणारे विघटन रोखण्याचा होता; परंतु झँथीन ऑक्सिडेज ह्या एन्झाइमला ते प्रतिबंध करीत असल्यामुळे रक्तातील युरिक आम्लही उतरते असे दिसून आले. १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली व १९८८ मध्ये ह्या दोघांना जेम्स ब्लॅक ह्यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले. अर्धशतकाच्या वापरातले, स्वल्प किमतीचे व ज्याचे गुणदोष परिचित आहेत असे औषध मूत्रपिंडाचे रक्षण करते असे ठरले असते तर लक्षावधी रुग्णांना त्याचा लाभ तत्काळ झाला असता.

कारण की परिणाम?

येथे एक तार्किक अडचण उभी राहते. युरिक आम्लाचा निचरा मुख्यतः मूत्रपिंडच करते. तेव्हा मूत्रपिंडाची शक्ती किंचित जरी कमी झाली, तरी रक्तातील युरिक आम्ल वाढणे क्रमप्राप्त आहे. मग ‘युरिक आम्ल अधिक, म्हणून पुढे मूत्रपिंड बिघडले’ असे म्हणावे, की ‘मूत्रपिंड आधीच बिघडू लागले होते, म्हणून युरिक आम्ल अधिक’ असे म्हणावे? नेहमीच्या परीक्षेत अद्याप न दिसणारा बिघाड युरिक आम्लाच्या वाढीतून आधी व्यक्त होत असेल, तर ते आम्ल संकटाचे चिन्ह ठरेल, त्याचे कारण ठरणार नाही. धूर आगीच्या आधी दिसला म्हणून धुराने आग लागली असे कोणी म्हणत नाही. धूर वारून टाकल्याने आगही विझत नाही.

निरीक्षणे कितीही काळ चालविली तरी हा प्रश्न केवळ त्यांच्या आधारे सुटत नाही. त्याला दोन मार्ग आहेत. एक मार्ग आनुवंशिकतेचा. काही माणसांत जन्मतःच अशी जनुके असतात की त्यांच्या रक्तातील युरिक आम्ल आयुष्यभर थोडे अधिक राहते. युरिक आम्ल हे खरोखरच कारण असेल तर अशा माणसांत मूत्रपिंडविकारही अधिक आढळला पाहिजे. आणि ही जनुके जन्माआधीच ठरलेली असल्यामुळे मूत्रपिंडाच्या बिघाडाचा त्यांच्यावर उलट परिणाम होणे शक्य नसते. फिनलंडमधील संशोधकांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांत असा अभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात युरिक आम्ल व मूत्रपिंडविकार ह्यांच्यात कार्यकारणसंबंध दिसला नाही. दुसरा मार्ग प्रत्यक्ष प्रयोगाचा: युरिक आम्ल औषधाने उतरवावे आणि मूत्रपिंडाचे काय होते ते पाहावे. ‘पर्ल’ चाचणी ह्या दुसऱ्या मार्गाची होय.

चाचणीची रचना

जोस्लिन केंद्राचे अलेस्सांद्रो डोरिया व मिनेसोटा विद्यापीठाचे मायकेल मॉवर ह्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका, कॅनडा व डेन्मार्क येथील केंद्रांत ही चाचणी पार पडली. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले ५३० रुग्ण तीत सामील झाले. त्यांचे सरासरी वय ५१ वर्षे होते व मधुमेहाची सरासरी मुदत जवळजवळ ३५ वर्षे होती. गाळणदर ४० ते १०० च्या दरम्यान असलेले आणि मूत्रातील अल्ब्युमिन वाढल्यामुळे अथवा गाळणदर उतरत असल्याचे पूर्वीच्या नोंदींवरून दिसत असल्यामुळे ज्यांच्या मूत्रपिंडाला धोका होता, असेच रुग्ण घेण्यात आले. रक्तातील युरिक आम्ल डेसिलिटरला किमान ४.५ मिलिग्रॅम असावे, अशीही अट होती; कारण जे मुळातच अल्प आहे ते आणखी उतरवून काही सिद्ध झाले नसते.

हा प्रयोग कोणत्या तत्त्वांवर रचला होता ते पाहणे पदव्युत्तर अभ्यासकाला विशेष उद्बोधक होईल. त्यांतील पाच गोष्टी येथे नमूद करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सिद्ध उपचार कोणालाही नाकारण्यात आला नाही. औषध सुरू करण्यापूर्वी काही आठवड्यांचा पूर्वतयारीचा काळ ठेवून रुग्णांचा रक्तदाब व रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेवरील औषधे ठराविक पद्धतीने बसविण्यात आली. त्यामुळे प्रश्न असा झाला की, आज उपलब्ध असलेल्या उत्तम चिकित्सेत अॅलोप्युरिनॉलने काही भर पडते काय? ह्या प्रश्नाचे उत्तरच रुग्णाच्या उपयोगाचे असते.

दुसरी गोष्ट यादृच्छिक विभागणीची. कोणी औषध घ्यावे हे ना वैद्याने ठरविले, ना रुग्णाने. २६७ जणांना अॅलोप्युरिनॉल व २६३ जणांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळाली. अशा विभागणीने ज्ञात आणि अज्ञात असे सर्व भेद दोन्ही गटांत साधारणतः सारखे वाटले जातात. निरीक्षणात्मक अभ्यासांतील कार्यकारणाचा गोंधळ दूर करण्याचे हेच मुख्य साधन होय. कोणाला काय मिळत आहे हे रुग्ण व वैद्य दोघांनाही कळू दिले नव्हते.

तिसरी गोष्ट मापनाची. व्यवहारात गाळणदर प्रत्यक्ष मोजला जात नाही. रक्तातील क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून तो सूत्राने अनुमानिला जातो. क्रिएटिनिन स्नायूंत निर्माण होते, म्हणून माणसाचा स्नायुभार व आहार बदलला की अनुमानही बदलते. शिवाय त्याचा काही अंश नलिकांतूनही स्रवतो. गाळणदर बऱ्यापैकी असताना तर ह्या अनुमानातील चूक, जो फरक शोधावयाचा त्याच्याहून मोठी असू शकते. म्हणून ‘पर्ल’ चाचणीत आयोहेक्सॉलचा अवलंब करण्यात आला. क्ष-किरणचित्रणात वापरले जाणारे हे द्रव्य शिरेत टोचले असता ते जवळजवळ सर्वस्वी केशिकागुच्छांतूनच गाळले जाते. नलिका त्याला शोषीत नाहीत, त्यात भरही घालीत नाहीत. टोचल्यानंतर काही तासांत ठरावीक अंतराने रक्त घेऊन ते किती वेगाने नाहीसे होते हे पाहिले की गाळणदर प्रत्यक्ष मिळतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, पण सूक्ष्म फरक पकडावयाचा असेल तर तिला पर्याय नाही.

चौथी गोष्ट सर्वांत चातुर्याची म्हणता येईल. तीन वर्षे औषध दिल्यानंतर अंतिम मापन लगेच केले नाही. औषध बंद करून दोन महिने थांबून मग केले. काही औषधे मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांचा ताण बदलतात आणि गाळणदर तात्पुरता वाढवितात किंवा घटवितात. औषध चालू असताना मोजले तर हा तात्पुरता फरक रोगाच्या गतीतील फरक म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. औषधाचा अंश शरीरातून निघून गेल्यावर जो फरक शिल्लक राहील तोच मूत्रपिंडाच्या ऊतींना मिळालेल्या संरक्षणाचा निदर्शक होय. तेव्हा चाचणीचा मुख्य निर्णय ह्या अंतिम आकड्यावरच सोपविण्यात आला होता.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची. अॅलोप्युरिनॉल परिचित असले तरी अगदी निरुपद्रवी नाही. एचएलए-बी ५८:०१ हे जनुकीय लक्षण असणाऱ्या व्यक्तींत त्यामुळे त्वचेचा प्राणघातक विकार उद्भवू शकतो, म्हणून अशा व्यक्तींना वगळण्यात आले. त्याचा क्रियाशील अंश मूत्रपिंडाद्वारेच बाहेर पडत असल्याने मात्राही गाळणदर पाहून ठरविण्यात आली.

निष्कर्ष

औषधाने आपले निकटचे काम चोख केले. अॅलोप्युरिनॉल घेणाऱ्यांच्या रक्तातील युरिक आम्ल डेसिलिटरला सरासरी ६.१ मिलिग्रॅमवरून ३.९ वर उतरले. प्लासिबो घेणाऱ्यांत ते ६.१ वरच राहिले. ही नोंद महत्त्वाची आहे. रुग्णांनी गोळ्या घेतल्याच नाहीत किंवा मात्रा अपुरी पडली असा आक्षेप तिच्यामुळे उरत नाही.

मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र दोन गटांत काहीच अंतर पडले नाही. आरंभी सरासरी गाळणदर, शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठफळास अनुलक्षून, औषधाच्या गटात मिनिटास ६८.७ व प्लासिबोच्या गटात ६७.३ मिलिलिटर होता. तीन वर्षे आणि दोन महिने उलटल्यावर तो दोन्ही गटांत ६१.२ भरला. त्यांच्यातील फरक ०.००१ मिलिलिटर, म्हणजे व्यवहारतः शून्य होता. औषध चालू असतानाचा वार्षिक ऱ्हास औषधाच्या गटात ३.० आणि प्लासिबोच्या गटात २.५ मिलिलिटर होता. हा फरक यदृच्छेने पडू शकेल इतका लहान आहे. मूत्रातील अल्ब्युमिन अखेरीस औषधाच्या गटात सरासरी ४० टक्के अधिक होते. ह्या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे, म्हणून त्यावरून अपाय झाला असे निश्चयाने म्हणता येत नाही; पण लाभाची आशा धरण्यासही त्यात जागा नाही. गंभीर प्रतिकूल घटनांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते.

फरक आढळला नाही ह्या विधानाचे दोन अर्थ संभवतात. चाचणी फार लहान असेल तर खरा फरक असूनही तो दिसत नाही. पुरेशी मोठी असेल तर तो नसल्याचेच दिसून येते. ह्या दोहोंतील भेद विश्वासमर्यादेवरून कळतो. ‘पर्ल’ चाचणीत अंतिम गाळणदरातील फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा उणे १.९ पासून अधिक १.९ मिलिलिटरपर्यंत होती. ह्याचा अर्थ असा की, तीन वर्षांत २ मिलिलिटरहून मोठा लाभ औषधाने झाला असेल हे ह्या आकड्यांशी जुळत नाही. वर्षाला २-३ मिलिलिटर गमावणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ह्याहून लहान लाभाला, जन्मभर औषध घेण्याच्या मोबदल्यात, फारसे मोल नाही. म्हणून हा नकार अनिर्णायक नसून निर्णायक आहे.

हा निष्कर्ष एकाकीही नव्हता. जपानमध्ये फेब्युक्सोस्टॅट ह्या अन्य युरिक आम्लरोधक औषधाची ४४३ रुग्णांवर चाचणी होऊन २०१८ मध्ये तिचा वृत्तान्त आला होता. त्यातही एकंदरीत गाळणदराचा ऱ्हास मंदावला नव्हता. ‘पर्ल’च्या वृत्तान्ताबरोबरच, नियतकालिकाच्या त्याच अंकात, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील संशोधकांची अॅलोप्युरिनॉलचीच दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातील रुग्णांचा मूत्रपिंडविकार अधिक पुढे गेलेला होता आणि तो केवळ मधुमेहजन्यच होता असेही नाही. तेथे वार्षिक ऱ्हास औषधाच्या गटात ३.३३ व प्लासिबोच्या गटात ३.२३ मिलिलिटर आढळला. निरनिराळे देश, निरनिराळे रुग्ण व रोगाच्या निरनिराळ्या अवस्था असूनही उत्तर एकच आले.

नकाराचे मूल्य

ह्या सर्वांतून प्रथम जी गोष्ट निष्पन्न होते ती कार्यकारणभावाविषयीची. वाढलेले युरिक आम्ल पुढील ऱ्हासाची सूचना देते हे पूर्वीचे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. खोटा ठरला तो त्यावरून काढलेला अर्थ. भविष्य सूचित करणाऱ्या परिमाणाला दुरुस्त केले की भविष्यही दुरुस्त होईल, हे अनुमान वैद्यकात पुनःपुन्हा मोहात पाडते. उंदरांवरील प्रयोगांतून निघालेले अनुमानही येथे मानवाला लागू पडले नाही. युरिकेज असलेल्या प्राण्यात ते कृत्रिम रीतीने बंद पाडणे आणि मुळातच ते नसलेल्या मानवात युरिक आम्ल थोडे अधिक असणे, ह्या दोन अवस्था सारख्या मानण्यास सबळ आधार नव्हता.

दुसरी गोष्ट लहान चाचण्यांविषयीची. पन्नास किंवा शंभर रुग्णांच्या चाचणीत योगायोगाने पडलेला अनुकूल फरक ठळक दिसतो आणि अनुकूल म्हणूनच तो वारंवार उद्धृत होतो. हाँगकाँग व स्पेन येथील संशोधकांनी प्रश्न उपस्थित केला ह्याचे श्रेय त्यांना आहेच. पण मोठ्या, प्लासिबोयुक्त चाचणीची वाट न पाहता त्या आधारावर औषध देण्याचा प्रघात पडला असता, तर असंख्य रुग्णांनी निष्कारण ते वर्षानुवर्षे घेतले असते व त्यांपैकी काहींना त्याचे उपद्रवही भोगावे लागले असते. मूत्रपिंडविकारासंबंधीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, लक्षणे नसताना केवळ ऱ्हास मंद करण्यासाठी युरिक आम्ल उतरविणारी औषधे वापरू नयेत असेच सुचविण्यात आले आहे. संधिवातासाठी अॅलोप्युरिनॉलचा उपयोग हा निराळा विषय असून तो पूर्वीप्रमाणेच मान्य आहे. ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

तिसरी गोष्ट पुढील संशोधनाच्या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरावी अशी आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे, मूत्रपिंडविकाराच्या आरंभीच्या अवस्थेतील पाचशेहून अधिक रुग्ण एकत्र आणून, तीन वर्षे टिकवून, गाळणदर प्रत्यक्ष मोजून चाचणी पार पाडता येते हे येथे सिद्ध झाले. अन्य औषधांच्या परीक्षेला हीच चौकट उपयोगी पडेल. डायालिसिस किंवा मृत्यू ह्यांची वाट पाहत बसल्यास प्रारंभावस्थेतील चाचणीला वीस वर्षे लागतील. केवळ अल्ब्युमिनवर भिस्त ठेवल्यास निर्णय फसवा ठरण्याची भीती आहे. औषध थांबविल्यानंतर प्रत्यक्ष मोजलेला गाळणदर हा ह्या दोहोंमधला व्यवहार्य मार्ग होय.

आणखी एका आकड्याकडे दुर्लक्ष होऊ नये. प्लासिबोच्या गटातील रुग्णांचा रक्तदाब नियंत्रणात ठेवण्याची दक्षता घेतलेली होती, रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेवरील औषधे त्यांना उपलब्ध होती आणि तज्ज्ञ वैद्य त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. तरीही त्यांचा गाळणदर वर्षाला सरासरी २.५ मिलिलिटरने उतरतच होता. चाचणीच्या आरंभी सर्व रुग्णांचे ग्लायकेटेड हीमोग्लोबिन सरासरी ८.२ टक्के होते, म्हणजे साखरेच्या नियंत्रणातही सुधारणेला वाव होता. अॅलोप्युरिनॉलचा मार्ग बंद झाला. ज्या गरजेपोटी तो चोखाळला गेला ती गरज मात्र तशीच आहे. साखरेचे व रक्तदाबाचे नियंत्रण, मूत्रातील अल्ब्युमिनची नियमित परीक्षा आणि सिद्ध औषधांचा वेळेवर उपयोग ह्यांचे महत्त्व त्यामुळे कमी न होता वाढते, आणि पुढच्या औषधाची परीक्षा इतक्याच कसोशीने करण्याची जबाबदारी संशोधकांवर येऊन पडते.